जप की छाप?

सय्यद हैदर रझा यांची चित्रं जिथे लागतात, तिथे बहुतेक वेळा शेजारी एक पाटीही लागते. टोक वर असलेला त्रिकोण म्हणजे पुरुष, टोक खाली असलेला म्हणजे प्रकृती. चौकोन म्हणजे पृथ्वी. मधलं काळं वर्तुळ म्हणजे बिंदू, सृष्टीचं बीज. काळा, पांढरा, लाल, निळा, पिवळा हे पाच रंग म्हणजे पंचमहाभूतं. माणसं आधी पाटी वाचतात, मग चित्राकडे मान वळवून हिशेब जुळवतात (त्रिकोण आहे, बिंदू आहे, बरोबर) आणि पुढे सरकतात. झालं, चित्र समजलं.

मला त्या पाटीचा मनापासून राग येतो. तिच्यात खोटं काही नसतं. रझा स्वतः ह्याच भाषेत बोलत, चित्रांना नावंही तशीच देत: ‘अंकुरण’, ‘पंचतत्त्व’, ‘कुंडलिनी’, ‘नाद-बिंदू’. पण अर्थ आयता हातात पडला की डोळ्यांना काम उरत नाही, आणि रझांच्या चित्रांत आध्यात्मिक म्हणावं असं जे काही आहे ते बघणाऱ्याच्या डोळ्यांनी केलेल्या कामातूनच उगवतं, असं माझं मत आहे. शिवाय ही पाटी त्यांच्या उत्तम चित्राला जेवढी लागू पडते तेवढीच सामान्य चित्रालाही लागू पडते. एखाद्या नकली चित्रालाही ती तितकीच चपखल बसेल. जे वर्णन अस्सल आणि नक्कल दोघांनाही सारखंच बसतं, त्याचा उपयोग काय?

बिंदूची मूळ गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. रझा ती मुलाखतींतून पुन्हा पुन्हा सांगत. १९२२ साली मध्य प्रदेशातल्या मंडला भागात, बाबरिया गावी त्यांचा जन्म झाला. वडील जंगलखात्यात. आजूबाजूला दाट अरण्य, जवळ नर्मदा, शेजारी गोंडांच्या वस्त्या. रात्री जंगल अंगावर यायचं, गोंडांच्या नाचगाण्याचा तेवढा धीर वाटायचा, अशी त्यांची आठवण. ककैयाच्या प्राथमिक शाळेत ह्या पोराचं लक्ष एका जागी ठरेना. तेव्हा नंदलाल झारिया नावाच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि ह्याच्याकडे बघत बस म्हणून सांगितलं.

पुढे जवळजवळ अर्धं शतक उलटल्यावर तो ठिपका कॅनव्हासवर आला, मोठा झाला, आणि मरेपर्यंत चित्रकाराच्या सोबत राहिला. गोष्ट इतकी गोळीबंद आहे की ती ऐकताना आपण एक साधी बाब विसरतो. गुरुजींनी पोराला ब्रह्मांड वगैरे दाखवलं नव्हतं. चुळबुळ्या मुलावरचा तो एक उपाय होता; अंगठे धरून उभं करण्याच्याच जातीतला, फक्त जरा दयाळू. बीज, शून्य, काळ ही नावं नंतर आली. आधी होतं ते नुसतं बघत बसणं.

आणि बघत बसण्याची ही रीत आपल्याकडे काही नवी नाही. हठयोगात तिला त्राटक म्हणतात, षट्कर्मांमध्ये ती मोजली जाते. ज्योतीकडे किंवा भिंतीवरच्या ठिपक्याकडे पापणी न लववता बघायचं. योगवर्गाला जाणारी कितीतरी माणसं घरी कपाटाच्या दारावर काळी टिकली चिकटवून हा प्रकार करतात, निदान उत्साह असेपर्यंत. करून बघितलं तर कळतं की थोड्या वेळाने ठिपक्याच्या कडेला उजळ वलय दिसायला लागतं, ठिपका किंचित हलतो, मोठा होतो, पुसट होतो. नजर पांढऱ्या भिंतीकडे वळवली की तिथे एक उजळ चकती तरंगते. ह्यात चमत्कार काही नाही, डोळ्यातला पडदा थकतो म्हणून असं होतं. पण बघणाऱ्याला मात्र वाटतं की ठिपका जिवंत आहे. ककैयाच्या त्या पोरालाही हे दिसलंच असणार. रझांच्या बिंदूभोवती जी राखाडी, पांढरी, निळसर वर्तुळं एकात एक येतात, ती मी पुष्कळदा ह्या नजरेने बघते. पाटीवर त्यांना ‘ऊर्जेची वलयं’ म्हणतात. असतील. पण सहा-सात मिनिटं टक लावून बसलेल्या कुठल्याही मुलाला ती दिसतात.

मधल्या वर्षांत बिंदू नव्हता. होती ती निसर्गचित्रं आणि शहरचित्रं. १९३९ मध्ये रझा नागपूरच्या कलाशाळेत बापूराव आठवल्यांकडे शिकायला आले, १९४३ मध्ये मुंबईला जे. जे. कलाशाळेत. पावसातली मुंबई, गल्ल्या, छपरं, ओल्या रस्त्यावरचे पडछायेचे डाग, अशी त्या काळातली त्यांची जलरंगातली कामं आहेत. १९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा कलाकारांचा गट निघाला. ह्या सहांबद्दल आपल्याकडे इतकं लिहून झालंय की मी थांबत नाही. फाळणीत घरची बरीचशी माणसं पाकिस्तानात गेली, रझा राहिले.

१९४८ मध्ये काश्मीरमध्ये त्यांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांच्याशी पडली. चित्रं बघून ब्रेसाँ म्हणाले की हात चांगला आहे, पण चित्रांत बांधणी नाही. इमारतीला पाया, भिंती, तुळया लागतात तशा चित्रालाही लागतात, सेझानची चित्रं बघ. रझांच्या भूमितीचा उगम शोधायचा तर ठिपक्याच्या गोष्टीइतकीच ही गोष्टही महत्त्वाची आहे. ही मात्र पाटीवर कधीच नसते, कारण तिच्यात अध्यात्म नाही, गवंडीकाम आहे.

ती बांधणी शिकायला १९५० मध्ये ते फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले, आणि पुढची साठ वर्षं फ्रान्सचेच झाले. १९५६ चा प्री द ला क्रितिक हा समीक्षकांचा मान मिळाला. १९६२ मध्ये बर्कलेला शिकवायला गेले, तिथे अमेरिकन चित्रकार रॉथ्कोची चित्रं डोळ्यांत भरली आणि तैलरंगाकडून ॲक्रिलिककडे वाट वळली. दक्षिण फ्रान्समधल्या गोर्बियो नावाच्या डोंगरातल्या गावात घर झालं. नाव, गॅलऱ्या, ग्राहक सगळं होतं. आणि सत्तरच्या दशकात त्यांना वाटायला लागलं की ही चित्रं चांगली आहेत, पण ह्यात मी कुठे आहे? भारतात फेऱ्या वाढल्या. अजिंठा-वेरूळ, बनारस, राजस्थान, गुजरात. ऐंशीच्या आगेमागे कॅनव्हासवर काळा गोल येऊन बसला.

आता थोडं माझं. आमच्या पिढीला शाळेत भूमितीचा अध्यात्माशी संबंध कोणी सांगितला नाही. आमचा संबंध एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांशी. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि ‘कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन’ हा पेपर. ‘कर्तव्यभूमिती’ हा शब्द तेव्हा गंमतीचा वाटायचा. दिलेल्या वर्तुळात पंचकोन काढा, हे जणू आपलं कर्तव्य! पण रझांची चित्रं बघायला मला उपयोगी पडलं ते संकल्पचित्र. एका चौकटीत किंवा वर्तुळात नक्षी बसवायची आणि ती पोस्टर कलरने सपाट भरायची.

सपाट भरणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. रंगात पाणी जास्त झालं की वाळताना ढग उठतात. कमी झालं की ब्रशच्या रेघा राहतात, जाड थर असेल तर वाळल्यावर तडकतो. कडेपाशी शून्य नंबरचा ब्रश टोक करून, श्वास रोखून फिरवायचा. शेजारचा रंग ओला असताना दुसरा लावला की दोघांचं लग्न लागतं आणि त्यांना वेगळं करता येत नाही. आमचे चित्रकलेचे सर रांगांमधून फिरत आणि कागदावर वाकून एकच वाक्य म्हणत: “कड सांभाळा गं, कड. मधलं कुणीही भरतं.” दुसरं एक ते दाखवत. पिवळ्याचा एक तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवायचे, मग तोच तुकडा काळ्यावर. काळ्यावर तो पेटून उठायचा. “रंग तोच आहे,” सर म्हणत, “शेजार बदलला.”

मुंबईत मोठे लिलाव असतात तेव्हा आधी काही दिवस चित्रं लोकांना बघायला ठेवतात. कुणीही जाऊ शकतं. विकत घेणाऱ्याचा आव आणायची गरज नाही, दारातला माणूस फार तर चपलांकडे बघतो. अशा एका ठिकाणी ऐंशीच्या दशकातला एक रझा मला अगदी जवळून बघायला मिळाला, मध्ये काच नव्हती, दोरी नव्हती. लांबून बघताना मधला काळा गोल भोक पाडल्यासारखा दिसत होता. हातभर अंतरावरून तो काळा एकटा नव्हताच. ब्रशचे फराटे गोलाकार फिरलेले होते, प्रकाश तिरपा पडला की ते चकाकत. काळ्याच्या खालून कुठे निळसर, कुठे विटकरी झाक वर येत होती. सभोवतीची वलयं कंपासने मारल्यासारखी काटेकोर नव्हती, हात एका जागी दमला होता आणि पुढे पुन्हा सावरला होता. आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये केसाएवढी फट ठेवलेली, तिच्यातून खालचा रंग दिसत होता. त्या फटीमुळे लाल आणि काळा एकमेकांना चिकटत नव्हते, अंतर राखून उभे होते. आमच्या सरांनी ही कड बघितली असती तर कान पकडला असता. मग जरा वेळाने सोडलाही असता.

त्या चित्रापुढे मी बराच वेळ उभी होते. एवढंच सांगते की पुरुष-प्रकृती आठवले नाहीत. नजर मधल्या काळ्यात शिरायची, तिथे टिकायची नाही, वलयांवरून घसरून चौकटीच्या कोपऱ्यापर्यंत जायची, तिथला मातकट लाल तिला परत ढकलायचा. ही जी ये-जा होती तीच मला त्या चित्राची गोष्ट वाटली. भूमिती इथे कुंपणाचं काम करते. सैरावैरा धावणाऱ्या नजरेला चौकोन अडवतो, त्रिकोण वळवतो, वर्तुळ परत आणून सोडतो. झारिया गुरुजींचं काम आता आकार करतात.

हे आकार रझांनी आणले कुठून, ह्यावर वाद घालणारे घालतात. युरोपात त्यांच्या आधी हे सगळं होऊन गेलं होतं. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट यांनी १९०६ ते १९१५ ह्या काळात देवालयासाठी म्हणून १९३ चित्रं केली, त्यांत वर्तुळं, त्रिकोण, चक्राकार वळणं आहेत. रशियन चित्रकार मालेविचने १९१५ च्या प्रदर्शनात काळा चौकोन भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात लावला, रशियन घरात जिथे देवाची तसबीर असते तिथे. चित्रकार कँडिन्स्कीने तर बाउहाउस ह्या जर्मन कलाशाळेत चक्क प्रश्नावली वाटली: त्रिकोण, चौकोन, वर्तुळ ह्यांना पिवळा, लाल, निळा यांपैकी कुठला रंग द्याल? त्याचं स्वतःचं उत्तर ठरलेलं होतं, पिवळा त्रिकोण, लाल चौकोन, निळं वर्तुळ. पाटीची सुरुवात तिथली म्हणायला हरकत नाही. ह्यांतले बरेच जण थिऑसॉफी, म्हणजे ब्रह्मविद्या, वाचणारे होते, आणि थिऑसॉफीचं मुख्य ठाणं चेन्नईच्या अड्यारला. म्हणजे इथला माल तिकडे गेला, तिथून रंगून परत आला. योगायोग असा की ज्या १९२२ मध्ये रझा जन्मले त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोलकात्यात बाउहाउसच्या चित्रकारांची कामं मांडली होती, कँडिन्स्कीचीही. ह्यावरून काही सिद्ध होत नाही. पण ‘शुद्ध भारतीय बिंदू’ असं कुणी छाती पुढे काढून म्हणायला लागलं की मला हे आठवतं.

श्रीयंत्राशी तुलना तर हटकून होतेच. श्रीयंत्रात नऊ मोठे त्रिकोण एकमेकांत गुंतलेले असतात, चार टोक वर असलेले, पाच टोक खाली असलेले. त्यातून त्रेचाळीस छोटे त्रिकोण पडतात, मध्यभागी बिंदू, भोवती आठ आणि सोळा पाकळ्यांची कमळं, बाहेर चौकट. रझांनी त्यातले घटक घेतले, बांधणी घेतली नाही. यंत्रात एक रेघ चुकली तर ते यंत्र राहत नाही. रझांच्या चित्रात रेघ सुटली तर चित्र कदाचित जास्तच चांगलं होतं. हा फरक लहान नाही. यंत्र पूजेसाठी असतं, बघायला नव्हे. ते चांगलं दिसावं ही अट नसते.

इथे मला आपल्या पालघर-डहाणूकडचा वारल्यांचा चौक आठवतो. लग्नघरी सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, आत पालघट देवी. चौक लिहिला गेल्याशिवाय लग्न लागत नाही. तिथे चौकोनाचा अर्थ कुणी कुणाला समजावून सांगत बसत नाही, कारण भिंतीपुढे खरोखरचं लग्न चाललेलं असतं. गाणी चाललेली असतात, नवरानवरी हळदीत असतात, पोरं मध्येमध्ये येत असतात. चौकोनाला जे वजन येतं ते ह्या सगळ्यामुळे.

गॅलरीत हे नसतं. पांढरी भिंत, वरून दिवा, एसीची घरघर, आणि फोनवर फोटो घेणारी माणसं. तिथे एखाद्या आकाराला वजन यायचं तर विधी कुठून आणणार? रझांनी त्यावर जे उत्तर काढलं ते म्हणजे पुनरावृत्ती. तोच बिंदू, तेच त्रिकोण, तेच पाच रंग, पुन्हा आणि पुन्हा. ‘तुम्ही एकच चित्र काढत राहता’ ह्या आक्षेपाला ते जपमाळेचा दाखला देत. मणी तोच, नाव तेच, तरी प्रत्येक फेरीत माणूस थोडा पुढे गेलेला असतो.

उत्तर सुंदर आहे. पण जपाची एक अडचण आहे, ती कुठल्याही वारकरी घरातली आजी सांगेल. माळ हातात फिरत असते आणि मन भाजीत काय घालायचं ह्यात असतं. बाहेरून दोन्ही जप सारखेच दिसतात. चित्रात मात्र हा फरक लपत नाही, कारण प्रत्येक मणी भिंतीवर टांगलेला राहतो.

मी जे काही प्रत्यक्ष आणि पुस्तकांतून पाहिलंय त्यावरून माझा ढोबळ हिशेब असा. ऐंशीचं दशकभर आणि नव्वदच्या सुरुवातीपर्यंत तो जप आहे. १९८१ चं ‘माँ’ बघा. मोठा काळा बिंदू, आणि चित्रावर देवनागरीत अशोक वाजपेयींच्या कवितेतली ओळ, परत येईन तेव्हा काय घेऊन येईन असं आईला विचारणारी. परदेशात तीस वर्षं काढलेल्या माणसाने ती ओळ रंगात लिहिली आहे. तिथला बिंदू कुठल्याही तत्त्वज्ञानाच्या आधी मला अपराधी वाटतो, घर सोडून गेलेल्या मुलाचा. किंवा १९८३ चं ‘सौराष्ट्र’, दोन मीटर बाय दोन मीटर. त्यात भूमिती आहे, पण उन्हात तापलेली, ब्रश मोकळा सुटलेला, रंग एकमेकांवर सांडलेले. त्यात बिंदू आहे तो सगळ्या चित्राचा मालक म्हणून बसलेला नाही, इतर चौकोनांसारखाच एक रहिवासी आहे.

नंतर नंतर, विशेषतः दोन हजारच्या पुढे, पुष्कळ चित्रं अशी दिसतात की कड स्वच्छ आहे, रंग सपाट आहेत, वलयं मोजून मापून आहेत आणि नजर एका फेरीत काम आटोपून मोकळी होते. फट नाही. खालून काही वर येत नाही. आमच्या सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. ती मला छाप वाटतात. मागणी होती, नाव होतं, दिवाणखान्यात शोभत होतं, ‘एक बिंदू पाहिजे’ म्हणणारे होते. चित्रकाराने उपाशी राहावं असं माझं म्हणणं नाही. पण आकार जितका सोपा तितका तो लवकर सही होऊन बसतो, आणि सहीला कुणी दोन मिनिटं बघत नाही.

गंमत म्हणजे बाजारालाही हे कळत असावं. ‘सौराष्ट्र’ २०१० मध्ये लंडनला सुमारे साडेसोळा कोटी रुपयांना गेलं तेव्हा केवढा गवगवा झाला होता. २०२३ मध्ये मुंबईत ‘जेस्टेशन’ ५१ कोटी ७५ लाखांना गेलं, तेही १९८९ चं. दोन्ही चित्रं जपाच्या काळातली. कोट्यवधींच्या बोलीत अध्यात्म शोधायचं नसतं हे मान्य, पण पैसे मोजणारा माणूस निदान निरखून बघतो.

सही झालेल्या आकाराचं दुसरं दुखणं म्हणजे नकला. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीतल्या एका जुन्या गॅलरीत रझांच्या नावाचं प्रदर्शन लागलं. उद्घाटनाला ते स्वतः गेले आणि भिंतीवरची बरीच कामं आपण केलेलीच नाहीत असं त्यांच्या ध्यानात आलं. शहाऐंशी वर्षांचा माणूस, स्वतःच्याच नावाच्या खोट्या चित्रांमध्ये उभा. प्रदर्शन गुंडाळावं लागलं. मला ह्या प्रसंगात कुतूहल आहे ते एवढंच की त्यांनी नेमकं काय बघून ओळखलं असेल? विषय तर नक्कल करणाऱ्यानेही त्यांचेच घेतलेले असणार. माझा अंदाज कडेवर आहे, पण तो माझा अंदाज.

जे. जे.तून रझांच्याच सुमारास बाहेर पडलेल्या वासुदेव गायतोंड्यांनी हा सगळा प्रश्न मुळातच टाळला. आकाराला अर्थ नाही, चित्राला बहुधा नाव नाही, त्रिकोण-चौकोन नाहीत. रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, थांबायचं. वर्षाला मोजकीच चित्रं. त्यांच्या चित्रापुढे पाटी लावायची तर लिहिणार काय? नागपूरचा धागा दोघांनाही आहे, गायतोंडे तिथे जन्मले आणि रझा तिथे शिकले. पण रझांनी सगळ्याला नाव दिलं आणि गायतोंड्यांनी कशालाच नाही.

चित्रकार प्रभाकर बरवे ह्या दोघांच्या मधले. साठच्या दशकात बनारसच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला असताना त्यांना तंत्रसाधनेतल्या आकृत्यांनी धरलं. काही वर्षं त्यांनी त्या रंगवल्या आणि मग सोडून दिल्या. पुढे त्यांच्या चित्रांत आली ती घड्याळं, पानं, क्लिपा, कपडे, रिकामी जागा, सगळं एनॅमलच्या गुळगुळीत रंगात. उसन्या प्रतीकांपेक्षा टेबलावरची वस्तू जास्त गूढ असू शकते हे त्यांच्या लक्षात आलं असावं. मराठीत त्यांनी चित्रविचारावर जे लिहिलंय ते वाचताना सतत जाणवतं की हा माणूस अर्थ सांगायची घाई करत नाही. रझांच्या पाटीशेजारी मला बरव्यांचं कुठलंही पान ठेवावंसं वाटतं.

तरीही मी रझांकडे परत जाते, आणि त्याचं कारण त्यांची शेवटची चित्रं आहेत. पत्नी जनीन २००२ मध्ये गेल्या. २०१० च्या अखेरीस, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ते सगळं आवरून दिल्लीला परतले आणि २३ जुलै २०१६ ला जाईपर्यंत रंगवत राहिले. दफन त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला, वडिलांच्या कबरीशेजारी झालं. ह्या काळातल्या काही कॅनव्हासांत हात थरथरतो. वर्तुळ वर्तुळ राहत नाही, एका बाजूला कलतं. कड फाटते. रंग फिके होत जातात, काहींत तर पांढऱ्याचंच राज्य. मधल्या काळात जी फट बुजली होती ती इथे पुन्हा उघडली आहे, आणि ह्या वेळी ठरवून नाही. मुसलमान घरात जन्मलेला, फ्रेंच पत्नीचा, मंदिर-चर्च-मशीद तिन्हीकडे सारख्याच श्रद्धेने जाणारा हा म्हातारा ब्रश धरून बसलेला दिसतो आणि मला ती कललेली वर्तुळं ‘अंकुरण’ नावाच्या दहा गुळगुळीत चित्रांपेक्षा मोलाची वाटतात. दमलेल्या हाताच्या चित्राला पाटी लावलीच तर तिच्यावर काय लिहितील, हे मला बघायचं आहे.

आमचे एक चित्रकार स्नेही आहेत, त्यांना हे सगळं बोलून दाखवलं तर ते उखडलेच. “अगं, तू चित्र कुठे बघतेस? तू खालची तारीख बघतेस. ऐंशी दिसलं की जप, दोन हजार पाच दिसलं की छाप, थरथर दिसली की डोळे पाणावले. ही तुझी पाटी झाली.” घाव वर्मी बसला हे कबूल. मी म्हटलं, दादा, तारखा झाकून दहा चित्रं समोर ठेवा, कुठला जप आणि कुठली छाप ते सांगते, आणि निम्मी चुकली तर पुन्हा तोंड उघडणार नाही. ते ठेवतो म्हणालेत. फक्त एक अट त्यांनी घातली आहे, त्या दहांत दोन त्यांनी स्वतः काढलेली असतील.